तळवलीचे ब्रेक

माझ्या गाडीला ब्रेक कुठले, असं कोणी विचारलं की मी ‘तळवलीचे’ म्हणून सांगतो. विचारणारा बहुधा जुन्या गाड्यांचा शौकीन असतो. त्याला गर्लिंग, लॉकहीड, विलवुड असं काहीतरी ऐकायचं असतं, आणि तळवली नावाची कंपनी काही त्याला आठवत नाही. मग सांगावं लागतं, की ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोली आणि रबाळ्याच्या मधे तळवली नावाचं गाव आहे. आता वरून उड्डाणपूल गेलाय, त्यामुळे गाव लागलं कधी आणि सुटलं कधी ते कळत नाही. त्या गावात पत्र्याची एक शेड होती. ब्रेक तिथले.

गाडी १९६४ ची ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजन सातशे किलोंच्या आसपास. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं, रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखाटलेलं, आणि तिच्या भावंडांनी १९६५ ला ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपला गट जिंकलेला. ऐकायला सगळं थोरामोठ्यांचं. बॉनेट उघडलं की मात्र आतला संसार मध्यमवर्गीय निघतो. हेराल्ड नावाच्या साध्या घरगुती मोटारीची चासी आखूड केली, तिचंच ११४७ सीसीचं इंजिन जरा तिखट केलं, तिचंच पुढचं सस्पेन्शन, तिचाच मागचा आडवा कमानपाटा घेतला आणि वर हे देखणं कातडं चढवलं. १९६२ ते १९८० या काळात अशा तीन लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, त्या स्वस्त होत्या म्हणून.

हीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली आणि मुंबईत दवाखान्यांच्या, वकिलांच्या दारांत उभी दिसू लागली. ताडदेवच्या एका गॅरेजात कामाला असलेल्या तळवलीच्या एका पोराच्या हाताखालून अशा कितीतरी हेराल्ड गेल्या. म्हणून तीस-पस्तीस वर्षांनी माझी स्पिटफायर त्याला परकी वाटली नाही.

त्या पोराला पुढे सगळं गाव दादूस म्हणू लागलं. आगरी बोलीत दादूस म्हणजे थोरला भाऊ. मी कराडकडचा. ‘दादूस, तुम्ही’ असं म्हणायचो आणि पडवीत सुकट निवडत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गावात त्याला ‘तू’ न म्हणणारा मी एकटाच. लिहिताना मात्र मलाही तो ‘अहो’ म्हणून येत नाही, तेव्हा एकेरीच लिहितो.

१९८९ साली रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो आणि दादूसच्या चाळीत दहा बाय बाराची खोली घेतली. चाळ म्हणजे नवी मुंबईतल्या गावठाणांचं शेत. भाताची जमीन आधी एमआयडीसीत गेली, उरलेली १९७० नंतर सिडकोत. मग परसात विटा रचल्या गेल्या आणि कारखान्यांच्या मागे आलेली आमच्यासारखी माणसं तिथे उगवू लागली. दादूस लहानपणी मुंबईला गेला तेव्हा खाडीवर पूल नव्हता. वाशीचा पूल झाला १९७३ ला. ठाण्यापर्यंत पायी किंवा मिळेल त्या ट्रकवर, पुढे लोकल. आठवडाभर गॅरेजातच झोपायचं आणि शनिवारी रात्री घरी. नंतर प्रकल्पग्रस्त म्हणून एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात नोकरी लागली तेव्हा तो परतला. मी आलो तेव्हा ती नोकरीही संपत आली होती आणि घरामागच्या शेडमध्ये बंद पडलेल्या कुठल्याशा गाळ्यातून आणलेला एक म्हातारा लेथ उभा होता. त्यावर तो गावातल्या रिक्षांचे, टेम्पोंचे ब्रेक ड्रम कापून द्यायचा.

मला तो ‘इनिस्पेक्टर’ म्हणायचा. कारखान्यात मी व्हर्नियर घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधतो, याचं त्याला हसू येई.

स्पिटफायर आली १९९६ ला. मूळ मालक इंग्लंडहून परतताना ती घेऊन आला होता. त्याच्या पश्चात दादरच्या पारशी कॉलनीत एका गॅरेजात ती वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. घरातल्या वृद्ध बाईंना गॅरेज रिकामं हवं होतं. नव्या स्कूटरच्या किमतीत सौदा झाला. टेम्पोवर घालून वाशीच्या पुलावरून आणली. चाळीसमोर उतरवली तेव्हा पोरांनी गलका केला. दादूस काही बोलला नाही. त्याने दोन कड्या सोडल्या, अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडवलं आणि पुढच्या टायरवर बसला, जसा हेराल्डच्या टायरवर बसत असणार तसा. या गाड्यांची ही मोठी सोय: इंजिनाशेजारी बसून काम करता येतं. पहिला प्रश्न आला, “ट्रनियनला तेल कवा दिलंस?”

ट्रनियन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पुढचं चाक ज्या खांबावर वळतं त्या खांबाच्या तळाचा पितळी आटा. तिथे ग्रीस भरायचं नसतं, गिअरचं जाड ऑईल द्यायचं असतं. ग्रीस भरणारे भरतात, आटा कोरडा पडतो, गंजतो आणि एक दिवस खांब मोडून चाक आडवं होतं. गाडी घेतल्याच्या पहिल्याच तासात दादूसने माझा एक अपघात टाळला. त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही. तेव्हा ते ऋण आहे हेच कळलं नव्हतं.

स्पिटफायरला पुढे नऊ इंची डिस्क आणि मागे सात इंची ड्रम. डिस्क ब्रेक तेव्हा नवलाचे होते. १९५३ ला जॅग्वारने डिस्क लावून ले माँ जिंकलं, आणि १९५६ ला ट्रायम्फनेच टीआर-३ या आपल्या गाडीला त्या बसवल्या. मद्रासच्या हेराल्डला चारही चाकांना ड्रमच. त्यामुळे पुढच्या डिस्कबद्दल दादूसला कौतुक होतं, पण जीव त्याचा मागच्या ड्रममध्ये. पुढच्या पावसाळ्यात त्याने ते काढले. आतली धूळ फुंकू दिली नाही, हवेचा पाइप मारू दिला नाही. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते छातीत जातं. ताडदेवच्या गॅरेजात कोणाकोणाच्या छातीत ते गेलं, हे त्याने एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

ड्रम लेथवर चढवले, गोल केले. मग नवे लायनर रिव्हेट केलेले शू घेऊन तो खडू मागायला शेजारच्या शाळकरी पोरीकडे गेला. ड्रमच्या आत खडू फासायचा, शू आत धरून फिरवायचा आणि लायनरवर पांढरं कुठे लागलं ते बघायचं. लागलं तिथे कानस. पुन्हा खडू, पुन्हा कानस. दोन शूंना एक अख्खी दुपार. मी म्हटलं, “दादूस, पाचशे किलोमीटर चालली की आपोआप बसतात ते.” तो म्हणाला, “आनि तवर तुला थांबावाचं नाय काय?” चारही शू झाले, हँडब्रेकची केबल मोकळी झाली, आणि त्याने लायनर-रिव्हेटचे पैसे तेवढे घेतले. मजुरी विचारली तर बिडी पेटवली. ब्रेक तपासायची त्याची रीतही त्या बिडीचीच होती. पेडलवर पाय दाबून बसायचं आणि बिडी संपेपर्यंत उचलायचा नाही. तेवढ्या वेळात पेडल हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडरचं वायसर गेलं.

एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने गाडी चालवली असती. मी मासिकं वाचू लागलो.

हलक्या जुन्या गाडीच्या ब्रेकला काय काय लावता येतं, याची यादी वाचवेल तेवढी लांबते. स्पिटफायरचीच थोरली बहीण जीटी-६. तिला दोन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, म्हणून डिस्कही मोठ्या, ९.७ इंची. त्या हिच्यावर बसतात. चार पिस्टनचे कॅलिपर मिळतात. पोटात हवा खेळणाऱ्या डिस्क मिळतात. व्हॅक्यूमवर चालणारा सर्व्हो मिळतो. स्टीलची वीण चढवलेले होज मिळतात. प्रत्येक जाहिरातीत गाडी लाल असते आणि रस्ता ओला. माझा एक मावसभाऊ लेस्टरला होता. पतपेढीचं कर्ज काढलं, चार महिन्यांच्या पगाराएवढे पैसे त्याला पोचते केले, आणि १९९८ च्या दिवाळीत तो सामानातून अ‍ॅल्युमिनियमचे चार पिस्टनवाले कॅलिपर आणि त्यांच्या डिस्क घेऊन आला. बायकोला सांगितलं, गाडीला ‘छोटंसं काम’ आहे.

दादूसने कॅलिपर हातात घेऊन वजन केलं. सोनाराने नथ तोलावी तसं.

“बराच हाय,” तो म्हणाला. “पन कनाला?”

“ब्रेक चांगले लागतील.”

“आता चाक धरत नाय काय?”

धरत होतं. साठच्या वेगात जोरात दाबलं तर चारही चाकं जाम होऊन टायर किंचाळायचे. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की चाक जाम करण्याएवढा जोर ब्रेकमध्ये असला की पुढचं काम टायरचं. आपल्या त्या अरुंद टायरांची पकड संपली की कॅलिपरला चार पिस्टन असोत की चाळीस, गाडी तेवढ्याच अंतरात थांबणार. सर्व्होचंही तसंच, त्याने गाडी लवकर थांबत नाही, पाय कमी दुखतो. सातशे किलोंच्या गाडीत पाय दुखतो कोणाचा? मोठा ब्रेक उष्णता जास्त सोसतो, हे खरं. तेवढ्यासाठी तो हवा. पण तू शर्यतीत जाणार आहेस का?

मला पटेना. मग त्याने जॅक आणला आणि गाडी मागून उचलली. चाकं हवेत आली तशी दोन्हींचे तळवे आत वळले, कुत्रं घाबरून मागचे पाय पोटाखाली घेतं तसे. हेराल्ड-स्पिटफायरच्या मागच्या अ‍ॅक्सलचा हा जन्मजात दोष आहे. दोन्ही बाजूंचे दांडे मधूनच झुलतात, म्हणून मागची बाजू वर आली की चाक तिरकं होतं आणि टायर कडेवर उभा राहतो. “पुढं जितका जोरात धरशील तितकी मागून उचलल,” दादूस म्हणाला. वळणावर ते झालं की गाडी स्वतःभोवती फिरते. इंग्लंडमधल्या अभियंत्यांनी पुढे कमानपाट्याची रचना बदलून हा दोष बराच कमी केला. तळवलीत तो मला एका जॅकवर समजावून सांगण्यात आला होता, आणि तरी मी ऐकलं नाही.

तिसरी गोष्ट त्याने सांगितली ती त्या वेळी मला निव्वळ हट्टीपणाची वाटली. नवे कॅलिपर बसवायला खांबाचे कान घासावे लागणार होते. “कापलेला परत येत नाय,” असं म्हणून त्याने खोकं फळीवर ठेवलं आणि एका टेम्पोच्या चाकाकडे वळला.

मी पंधरा दिवस रुसलो. मग खोकं उचलून मुंबईतल्या एका नावाजलेल्या गॅरेजात गेलो. तिथे टाइल्स होत्या, मेकॅनिकच्या अंगात एकाच रंगाचे डगले होते. त्यांनी कान घासण्याऐवजी मधे पट्टी घालून कॅलिपर बसवले, एवढं नशीब. पेडल आधीपेक्षा खोल जात होतं. मोठ्या पिस्टनांना तेल जास्त लागतं, मास्टर सिलिंडर मात्र जुनाच छोटा. “असंच असतं,” ते म्हणाले. ब्रेक ऑईल एका उघड्या डब्यातून भरलं. मी बघत होतो. तपासनीस असून बघत होतो.

ब्रेक ऑईल पाणी पितं. हवेतलं दमट पाणी ते रबरातून, झाकणातून, उघड्या डब्यातून ओढून घेतं. कोरडं डॉट-३ ऑईल २०५ अंशांना उकळतं; पाणी प्यायलेलं १४० लाच. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. खाडीकाठच्या आमच्या हवेत, जिथे मिठाची बरणी चार दिवसांत ओली होते, तिथे ऑईलचं काय होत असेल याचा विचार करायला माणूस अभियंता असावा लागत नाही.

१९९९ च्या फेब्रुवारीत आम्ही नवराबायको लोणावळ्याला गेलो. द्रुतगती मार्ग तेव्हा झाला नव्हता. सगळी वाहतूक जुन्या घाटातून. परत येताना बोरघाट उतरलो तो मोठ्या दिमाखात. टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. दादूस घाटाबद्दल नेहमी सांगायचा, ज्या गिअरने चढतो त्याने उतरायचं. पण माझ्याकडे आता चार पिस्टन होते. नंतर मी वहीत गणित मांडलं. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटर उतार. माणसांसकट साडेआठशे किलोंची गाडी एवढी उंची नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर ऐंशीच्या वेगातून वीस वेळा लागोपाठ थांबवण्याएवढी उष्णता ब्रेकमध्ये जाते.

शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, असं सांगतात, त्याचं ते देऊळ. ड्रायव्हर गाडीतूनच नाणं टाकतात. बायको म्हणाली, उतरून टाकू. उतरलो, नाणं ठेवलं, नमस्कार केला, चार-पाच मिनिटं दरीकडे बघत उभे राहिलो. त्या चार-पाच मिनिटांनीच घात केला. गाडी चालत असते तोवर वारा डिस्क थंड ठेवतो. थांबलो की डिस्कची धग कॅलिपरमध्ये चढते, अ‍ॅल्युमिनियममधून तर झपाट्याने, आणि तिथलं ऑईल उकळतं. वाफ दबते, ऑईल दबत नाही. आम्ही बसलो, गाडी उताराला लागली, मी पेडल दाबलं आणि ते आवाज न करता तळाला गेलं.

दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा तळाला. एकच मास्टर सिलिंडर, एकच खण, चारही चाकांना एकच तेल. समोर ट्रकची पाठ. हात आपोआप हँडब्रेककडे गेला. ओढला, आणि मागची दोन चाकं सात इंची ड्रममध्ये धरली गेली. हळू, पण नेमकी. दोन्ही सारखी. गाडी तिरकी न होता, डोंगराच्या बाजूला गटाराच्या कडेला उभी राहिली. मागच्या ट्रकचा क्लीनर उडी मारून खाली उतरला आणि चाकाखाली दगड लावला. त्याने आमच्या दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली आणून दिली.

चार महिन्यांच्या पगाराचे कॅलिपर कामी आले नाहीत. ज्या चार शूंवर खडू फासून एक माणूस दोन दुपारी बसला होता आणि ज्यांची मजुरी मी दिली नव्हती, त्यांनी गाडी धरली.

अर्ध्या-पाऊण तासाने पेडल परत आलं, जसं काही झालंच नाही. हे सगळ्यात वाईट. ऑईल थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पुरावा नाहीसा होतो. पहिल्या गिअरमध्ये, रांगत, खोपोलीला पोचलो. पीसीओवरून चाळीतल्या एकाच्या घरी फोन लावला. वाटलं होतं, दादूस सकाळी कोणाला तरी पाठवील. रात्री साडेदहाला तो स्वतः एका टेम्पोतून उतरला. हातात पिशवी, पिशवीत सीलबंद ऑईलचे दोन डबे, एक पारदर्शक नळी, रिकामी बाटली, आणि केळीच्या पानात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. भाकऱ्या वहिनींनी माझ्या बायकोसाठी दिल्या होत्या.

काय झालं ते मी सांगू लागलो. त्याने हात वर केला. “तेल उकाललं,” एवढंच म्हणाला. कॅलिपरकडे बघितलंही नाही. खोपोलीच्या नाक्यावर, पानवाल्याच्या दिव्याखाली, लांबच्या चाकापासून सुरुवात करून त्याने एकेका चाकाचं ऑईल काढलं. मी पेडल मारत होतो, तो निपल सोडत-आवळत होता. बाटलीत पडलं ते तीन वेळा उकळलेल्या चहाच्या रंगाचं होतं. मग तो आत बसला, पेडल दाबून बिडी पेटवली, ती संपेपर्यंत आम्ही तिघं गप्प होतो. पेडल हललं नाही. मध्यरात्री तळवलीत पोचलो. टेम्पोचं भाडं, ऑईलचे पैसे, काही घेतलं नाही. वाईट या गोष्टीचं वाटतं की मी फार आग्रहही केला नाही. लाज वाटत होती म्हणून गप्प बसलो, आणि गप्प बसणं पथ्यावर पडलं.

त्यानंतर ब्रेकचं काम त्याने आपल्या पद्धतीने केलं आणि मी तोंड मिटून हाताखाली उभा राहिलो. जुनेच कॅलिपर परत आले. त्यांचे पिस्टन साफ करताना त्याने रॉकेलचा डबा दूर ठेवला. पेट्रोल-रॉकेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. धुवायचं ते नव्या ब्रेक ऑईलनेच. रबराचे वायसर त्याने मापाने शोधले. गर्लिंगचे ब्रेक १९६२ पासून मद्रासला ब्रेक्स इंडियात बनत आले, मापं इंचातलीच, त्यामुळे ऑपेरा हाउसच्या दुकानांत खोके उपसून जुळणारे वायसर मिळाले. चारही होज नवे. खाडीच्या आणि रसायनांच्या हवेत लोखंडी ब्रेक पाइप आतबाहेरून खातो, म्हणून तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप. ते लेस्टरहून आले. आणि एक बदल, ज्याला तो स्वतः ‘पायजेच’ म्हणाला: पुढच्या काळातल्या स्पिटफायरचं दोन खणांचं मास्टर सिलिंडर. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक फुटलं तर दुसरं उरतं. अमेरिकेने १९६८ पासून हे सक्तीचं केलं होतं. हेराल्ड दुरुस्त करताना त्याने एकच होज फुटून चारही ब्रेक गेलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. त्याला कायदा लागला नाही.

पॅडबाबतही त्याने माझी एक हौस मोडली. शर्यतीचे कडक पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. हलक्या गाडीत ते तापतच नाहीत. तळवली नाक्यावर सकाळी पहिल्यांदा दाबशील तेव्हा धरेल असा मऊ पॅड घे, असं त्याचं मत पडलं. पडलं ते कायमचं.

पुढच्या वर्षी आमचा कारखाना बंद झाला. आठ महिने पगार नाही. मी भाडं थकवलं. पहिल्या महिन्यात सांगायला गेलो तर दादूस लेथवर होता. मान वर न करता म्हणाला, “उद्यापास्नं सकाळी ये. ड्रम धरावाला मानूस पायजे.” मी गेलो. आठ महिने ड्रम धरले, मग ड्रम कापले, मग खडू मारला. पुढे रबाळ्यात एक अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि आज पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांच्या ब्रेकचं काम करतोय. पद्मिनी येतात, हेराल्ड येतात, क्वचित एखादी एमजी. व्हर्नियर तोच, कारखान्यातला.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असायला हवं. अर्ज भरताना मी गाडीखाली शिरून खांबाचे कान बघितले. शाबूत होते. ‘कापलेला परत येत नाय’ हे वाक्य बावीस वर्षांनी आठवलं. त्या वेळी दादूस नव्हता. २०१४ च्या पावसाळ्यात तो गेला. छातीचंच होतं. धूळ पुसायचं फडकं त्याला उशिरा सापडलं असावं.

दिवस झाल्यावर मी वहिनींकडे गेलो होतो. आठ महिन्यांचं भाडं, त्यात खोपोलीच्या रात्रीचं अंदाजाने काहीतरी, असं पाकीट करून नेलं होतं. आग्रहाचं काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. त्यांनी पाकीट उघडलं नाही. आतून दादूसची वही आणली, पान पान उलटून माझ्यापुढे धरली. चाळीतल्या सगळ्यांची नावं होती, कोणाची बाकी, कोणाची उचल. माझं नाव नव्हतं. “नाव नाय त्याचा पैका कसा घेऊ?” म्हणाल्या, आणि पाकीट माझ्या खिशात परत घातलं.

मग म्हणाल्या, नातवाच्या स्कुटीचा मागचा ब्रेक आवाज करतो, तो बघून दे. मी अंगणातच चाक सोडलं. लायनर संपले होते. नाक्यावरून शू आणले, खडू मागून घेतला, कानस मारली, बसवले. वहिनी पायरीवर बसून बघत होत्या. झाल्यावर त्यांनी विचारलं, किती झालं. मी हात जोडले. त्या उठल्या, कनवटीची पिशवी सोडली आणि शूचे एकशे दहा आणि मजुरीचे नव्वद असे दोनशे रुपये मोजून माझ्या तळहातावर ठेवले. घ्यावे लागले.